कॉर्डचा भिंतीवरचा तक्ता: ‘सस’चे दोन रकाने तपासल्याशिवाय मुलांसमोर लावू नका

गेल्या जूनमध्ये माझ्या गिटारच्या वर्गासाठी भिंतीवर लावायचा कॉर्डचा, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या जुळण्यांचा, तक्ता ऑनलाइन मागवला. दीड फूट बाय दोन फूट, लॅमिनेट केलेला, किंमत १८० रुपये. मी नाशिकला घरीच वर्ग घेते. बहुतेक मुलं पाचवी ते दहावीतली आहेत. सहा-सात महिने रोज वापरल्यावर हे लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली लिहिलेल्या चुका मी नंतर आणखी दोन तक्त्यांवर आणि एका छापील पुस्तिकेतही पाहिल्या. म्हणजे हे सगळे एकमेकांवरून उतरवतात, त्यामुळे तुमच्या भिंतीवरच्या तक्त्यावरही त्या असण्याची शक्यता आहे.

आधी चांगलं सांगते. कागद जाड आहे, लॅमिनेशन पावसाळ्यात सुटलं नाही, आकृत्या एवढ्या मोठ्या आहेत की सहा फुटांवर बसलेल्या मुलाला दिसतात. बारा मूळ सूर, प्रत्येकाचे सात प्रकार, अशा ८४ चौकटी. मेजर, मायनर, सेव्हन, मायनर सेव्हन आणि मेजर सेव्हन या पाच रकान्यांत मला एकही चूक सापडली नाही. कोणतं बोट कुठे ठेवायचं तेही आकड्यांनी दिलंय. नुसतं एवढंच हवं असेल तर डोळे मिटून घ्या.

माझी तक्रार शेवटच्या दोन रकान्यांबद्दल आहे. एकावर नुसतं ‘सस’ असं छापलंय (गंधार काढून त्या जागी शेजारचा सूर घेतलेली कॉर्ड), आणि दुसऱ्यावर नुसता ‘२’.

चूक कशी लक्षात आली ते सांगते. आमच्या भागातल्या भजनी मंडळाला मी साथ करते, आणि सराव व्हावा म्हणून कधीकधी वर्गातलं एखादं मूल बरोबर नेते. ऑगस्टमध्ये नववीतल्या एका मुलाला नेलं. भजन वृंदावनी सारंगातलं, पट्टी पांढरी पाच, म्हणजे सा ‘जी’ (G) या सुरावर. सारंगात गंधार नाही आणि धैवतही नाही, म्हणून सा वर साधी मेजर किंवा मायनर कॉर्ड धरली की नको असलेला गंधार घुसतो. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, सा वर ‘जी सस४’ ही कॉर्ड धर, सा-म-प एवढेच सूर त्यात येतात. दुसऱ्या आवर्तनाला समेवर गाणाऱ्या काकू थांबल्या. म्हणाल्या, “अरे, गंधार कोण लावतंय? सारंग आहे हा.” पेटीवाल्या काकांनी हात वर केले. मुलगा म्हणाला, “काकू, मी सस४ वाजवतोय, त्यात गंधार नसतोच.” तो खरं बोलत होता. मी त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

अनामिका सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पट्टीत (इथे पट्टी म्हणजे गिटारच्या दांडीवरचा फ्रेट), तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या पट्टीत, करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्या पट्टीत. हे सगळं बरोबर. पण मधलं बोट पाचव्या तारेवर दुसऱ्या पट्टीत दाबलेलं होतं, म्हणजे ३-२-०-०-१-३ (सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत पट्टीचे आकडे; ० म्हणजे मोकळी तार, × म्हणजे न वाजवायची). पाचव्या तारेवरची दुसरी पट्टी म्हणजे बी हा सूर, आणि सा जर जी असेल तर बी म्हणजे शुद्ध गंधार. तोही खालच्या सप्तकात, जाड तारेवर, चांगला घुमणारा. वर दुसऱ्या तारेवर मध्यम आणि खाली गंधार, दोन्ही एकदम. काकूंचा कान अगदी बरोबर होता. “हे कुठे शिकलास?” विचारलं तर म्हणाला, “ताई, आपल्या तक्त्यावर आहे की.”

घरी येऊन बघितलं तर खरंच होतं. जी च्या सस चौकटीत ३-२-०-०-१-३ छापलंय. ही खरी जी सस४ नव्हे. त्या जागी ३-×-०-०-१-३ हवं. मधलं बोट उचलायचं, आणि सहाव्या तारेवरच्या अनामिकेचं टोक किंचित आडवं झुकवून पाचव्या तारेला नुसतं टेकवायचं, की ती तार गप्प होते. मुलांना हे टेकवणं जमायला दोन-तीन दिवस लागतात. बहुधा म्हणूनच तक्ता काढणाऱ्यांनी सोपं करायला गेल्यावर जी मेजरमधलं नेहमीचं बोट तसंच राहू दिलं असावं. पण ज्या सुराला काढण्यासाठी ही कॉर्ड आहे तोच सूर आत ठेवल्यावर तिला सस म्हणायचं कशाला?

‘सस’ हे ‘सस्पेंडेड’चं आखूड रूप. मुलांना मी असं वाजवून दाखवते. सी कॉर्ड धरा. तिच्यात सी, ई आणि जी आहेत. आता जी कडे जायचंय, पण सी ला सोडायचं नाही. ई उतरून डी वर येतो, सी आणि जी जागेवरच. झाली जी सस४. तो सी आधीच्या घरातून आलेला पाहुणा आहे, नव्या घरात अजून बसलेला नाही. मग तो अर्धी पायरी उतरून बी वर येतो, आणि जी मेजर पूर्ण होते. अडवून ठेवलेला सूर आणि त्याची सुटका, हा सगळा खेळ चौथ्यावरून तिसऱ्यावर येण्याचा. युरोपात सतराव्या-अठराव्या शतकात खर्जाच्या ओळीखाली ४ आणि ३ असे आकडे लिहून हेच दाखवत. गाणं ऐकताना ज्या मुलाच्या कानाला ही ओढ कळली, त्याला सस४ पुन्हा शिकवावी लागत नाही. सस२ मात्र या मूळ अर्थापासून जरा सुटलेलं नाव आहे. तिथे गंधाराच्या जागी रिषभ येतो, आणि तो कुठे उतरलाच पाहिजे असं कुणी धरत नाही, तो तसाच मोकळा राहिला तरी छान वाटतो.

म्हणून माझ्या वर्गात व्याख्या एवढीच. कॉर्डच्या मूळ सुराला सा माना. सस म्हणजे गंधार उठवला. त्याच्या जागी मध्यम बसला तर सस४, रिषभ बसला तर सस२. डी वर हे सगळ्यात चांगलं दिसतं. डी मेजर धरा, करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्या पट्टीत टेकवा, सस४. करंगळी काढा, पुन्हा डी. आता मधलं बोटही उचला, पहिली तार मोकळी, सस२. एका तारेवर तीन जागा: म, ग, रे. तक्त्यावर डी च्या या चौकटी अगदी बरोबर आहेत, ए च्याही.

‘२’ असा मथळा असलेल्या रकान्यात मात्र खिचडी आहे. डी आणि ए च्या ओळीत सस२ दिलंय. सी च्या ओळीत ×-३-२-०-३-३ दिलंय. यात चौथ्या तारेवर दुसऱ्या पट्टीत ई आहे, म्हणजे गंधार जागेवरच आहे. ही सी ॲड९. जी च्या ओळीत ३-२-०-२-०-३, त्यात तर बी दोनदा. तीही ॲड९. एकाच मथळ्याखाली दोन वेगळ्या जातीच्या कॉर्ड बसवल्यात. ‘ॲड’ म्हणजे भर घातली, सा-ग-प तसंच ठेवून वर रिषभ (सा पासून मोजत वर गेलं तर नववा सूर) जोडला. ‘सस’ म्हणजे बदली केली. चर्चमधल्या गाण्यांच्या कागदांवर असं नुसतं २ लिहिलेलं नेहमी दिसतं. तिथे रोज एकत्र वाजवणाऱ्यांना आपसांत कळतं कुठलं घ्यायचं. भिंतीवरच्या तक्त्यासमोर एकटं बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलीला ते कसं कळणार?

सी चा फरक ऐकून बघा, एका बोटाचा आहे. ×-३-२-०-३-३ धरून चौथ्या तारेवरची तर्जनी उचला. ×-३-०-०-३-३ झालं, म्हणजे सी, डी, जी एवढेच सूर. आधीची कॉर्ड ऊबदार वाटते. तर्जनी उचलली की तीच एकदम मोकळी, दारं-खिडक्या उघडल्यासारखी होते. हा फरक ज्या चिन्हात दिसत नाही ते चिन्ह मला मुलांसमोर नको.

नुसतं ‘सस’ लिहिलं तर त्याचा अर्थ सस४ असाच घेतात, ती रीत आहे, त्यामुळे पहिल्या रकान्याचा मथळा चूक म्हणता येणार नाही. जॅझच्या कागदांवर जी७सस असं दिसतं तेही ४ गृहीत धरूनच, आणि तिथे त्याच्याच जवळची कॉर्ड एफ खाली जी अशी तिरकी रेघ मारूनही लिहितात. पण शेजारी ‘२’चा रकाना असताना ‘४’ छापायला जागा नव्हती असं नाही.

आणखी एक. न वाजवायच्या तारेवरची × ही खूण इतकी फिकट राखाडी छापलीय की ट्यूबलाइटखाली दिसतच नाही. सस कॉर्डच्या बाबतीत हे जास्त नडतं. ए सस२ म्हणजे ×-०-२-२-०-०, सूर ए, बी, ई. ई सस४ चेही तेच तीन सूर, फक्त खर्जात ई. आता ए सस२ धरून एखाद्या मुलाने जोशात सहावी तारही छेडली की खाली ई वाजतो आणि कानाला ती ई सस४ वाटायला लागते. बोटं तीच आणि सूरही तेच, तरी खालचा सूर बदलला की नाव बदललं. डी सस२ आणि ए सस४ यांचं तसंच, सी सस२ आणि जी सस४ यांचंही तसंच. सातवीतल्या एका मुलीने स्वतःहून हे शोधून काढलं आणि विचारलं, “ताई, मग दोन नावं कशाला?” सा कुठे आहे हे सांगायला. तंबोरा ज्या सुरात लावलाय त्यावरून रे-म-प ठरतात, तसंच. असा प्रश्न येतो तेव्हा मला शिकवण्याचा खरा आनंद होतो, आणि तक्त्याच्या तळाशी याबद्दल दोन ओळी असत्या तर तो प्रश्न आणखी मुलांना पडला असता.

विकणाऱ्यांना सप्टेंबरमध्ये चौकटींचे फोटो काढून सविस्तर ईमेल केली. पैसे परत घेता का, असं उत्तर आलं. मला पैसे नको होते, दुरुस्ती हवी होती. तसं कळवलं, पुढे काही आलं नाही.

पाचपैकी साडेतीन तारे देते. या आकाराचा, इतक्या स्पष्ट आकृत्यांचा तक्ता या किमतीत मला दुसरा मिळाला नाही, म्हणून भिंतीवर ठेवलाय. घेणार असाल तर आल्या दिवशी जी ची सस चौकट आणि ‘२’च्या रकान्यातल्या सी, जी, ई, एफ या चार चौकटी बघा. योग्य बोटं अशी: जी सस२ साठी ३-×-०-२-३-३, ई सस२ साठी ०-२-४-४-०-०, एफ सस२ साठी ×-×-३-०-१-३, आणि सी सस२ ची आधी दिलीच आहेत. छापलेल्या ॲड९ खोडू नका, त्याही उपयोगी आहेत, फक्त शेजारी खरं नाव लिहा. आणि × गडद करून घ्या. लॅमिनेशनवर बॉलपेन उठत नाही, आणि व्हाइटबोर्डचा मार्कर मुलांच्या हातांनी आठवड्याभरात पुसला जातो. सीडीवर लिहायचा बारीक टोकाचा काळा मार्कर घ्या. माझ्या तक्त्यावर तो ऑक्टोबरपासून टिकून आहे.