फाटलेला एक्सल बूट: तीन प्रकारची किट, घ्यावं ते एक

एक्सलचा रबरी बूट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटवरचं ग्रीस धरून ठेवणारं घडीदार आवरण, फाटला की गॅरेजात बऱ्याचदा अख्खा शाफ्टच बदलायला सांगतात. जॉइंट वाजत असेल तर ते चूक नाही. तो गप्प असेल तर मात्र काही शे रुपयांचं किट आणि एक रविवार, एवढ्यात काम भागतं. दुकानात तीन तऱ्हा मिळतात: शाफ्टवरून सरकवायचा सलग बूट, शंकूवरून ताणून चढवायचा युनिव्हर्सल बूट आणि उभा चिरलेला, जागेवरच गुंडाळून चिकटवायचा बूट. अल्टो, वॅगनआर, सँट्रो अशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांसाठी सलगच घ्या. बाकीचे दोन कधी चालतात ते पुढे येईलच.

पैसे टाकण्याआधी जॉइंट तपासा. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि हळूहळू रेस देत आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने गाडी गोल फिरवा. चाकापाशी कट-कट-कट ऐकू आलं तर जॉइंटमधल्या गोळ्यांच्या खाचा झिजल्यात. मग फाटक्या बुटातलं ग्रीस चिमटीत घेऊन चोळा. लोण्यासारखं लागलं तर ठीक. कचकचलं तर आत माती गेली आहे. आवाज असलेल्या जॉइंटवर नवा बूट चढवणं म्हणजे गळक्या छपराला रंग देणं. ताज्या ग्रीसने आवाज चार दिवस दबतो, इतकंच.

दुकानदाराला नुसतं मॉडेल सांगून भागत नाही. सालही सांगा, पेट्रोल की डिझेल तेही सांगा, आणि 'व्हील साइड' की 'गिअरबॉक्स साइड' हे ठासून सांगा. दोन्ही बूट वेगळे, ग्रीसही वेगळं. चाकाकडे गोळ्यांचा जॉइंट असतो, त्याला काळं मोलिब्डेनमचं ग्रीस लागतं. गिअरबॉक्सकडे तीन रोलरचा ट्रायपॉड, त्याला त्याच्या किटमधलं ग्रीस. बेअरिंगचं पिवळं ग्रीस घरात पडलंय म्हणून भरू नका. किटमध्ये बूट, लहान-मोठी अशा दोन स्टीलच्या क्लिपा, नवी सर्क्लिप (जॉइंट शाफ्टवर अडकवून ठेवणारी कडी) आणि ग्रीसचं पाकीट हवं. क्लिपांच्या जागी प्लॅस्टिकचे टाय निघाले तर किट परत करा. गरम होऊन ते सैल पडतात आणि ग्रीस उडतं. बुटाच्या घड्या बोटांनी फाकवून दोन घड्यांमधली दरी बघा. रबर तिथे एकीकडे पातळ असेल तर पहिली चीर तिथेच पडणार.

हब नट, म्हणजे चाकाच्या मधोमध शाफ्टच्या टोकावरचा मोठा नट, गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. चाकाची टोपी काढा, कुणाला तरी ब्रेकवर पाय ठेवायला बसवा. नटाची कड ठोकून खाचेत दाबलेली असेल तर ती आधी छिन्नीने उचला. सॉकेट बहुधा 30 किंवा 32 चं लागतं, सोबत लांब पाइप. मग जॅक, आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड. एबीएसची वायर असेल तर सोडवा, खालचा बॉल जॉइंट नकलमधून (चाकाचा हब धरणाऱ्या भागातून) काढा, नकल बाहेर ओढा आणि शाफ्टचं टोक हबमधून सोडवा. टोक अडलं तर नट दोन आटे चढवून त्यावर लाकूड ठेवून ठोका, नाहीतर आटे मरतात. शाफ्ट बाहेर खेचू नका. आतला ट्रायपॉड निसटला की गिअरबॉक्सकडचंही काम गळ्यात पडतं. नकल आणि कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका.

चाकाकडचा जुना बूट कापून काढला की जॉइंटच्या आतल्या रिंगवर पितळी दांडा टेकवून एक जोरदार घाव घाला. गोळ्या धरणाऱ्या जाळीवर मारू नका, ती तडकते. बहुतेक जॉइंट आतली सर्क्लिप दबून सुटतात. काही गाड्यांत मात्र चाकाकडचा जॉइंट शाफ्टवरून निघतच नाही. तिथे आतला ट्रायपॉड काढून बूट त्या बाजूने सरकवावा लागतो. दोन-तीन घावांत हलला नाही तर आधी मॅन्युअल बघा, हातोडा मोठा करू नका.

जॉइंट रॉकेलने धुवा, पूर्ण सुकू द्या. आत उरलेलं रॉकेल नवं ग्रीस पातळ करतं. शाफ्टच्या दात्यांवर इन्सुलेशन टेप गुंडाळा, नाहीतर नवा बूट चढतानाच चिरतो. आधी लहान क्लिप, मग बूट, टेप काढा, नवी सर्क्लिप बसवा आणि जॉइंट ठोकून बसवा. ओढून बघा, सुटता कामा नये. पाकिटातलं सगळं ग्रीस वापरा: निम्मं गोळ्यांमध्ये दाबून, उरलेलं बुटात. मोठी क्लिप आवळा. लहान क्लिप आवळण्याआधी बोथट स्क्रू-ड्रायव्हर बुटाच्या ओठाखाली सरकवून हवा सोडा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. मग बूट आत चेपतो किंवा फुगतो आणि घड्या एकमेकींवर घासून फाटतात. कानाच्या (उठलेला कान दाबून आवळायच्या) क्लिपेला खास पक्कड नसेल तर सुताराची खिळे उपटायची पक्कड चालते, फक्त कान दाबा, कापू नका.

हब नट नवाच घ्या. छोट्या गाड्यांत तो साधारण 200 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. नेमका आकडा मॅन्युअलमधला. नट न आवळता गाडी जमिनीवर ढकलली तर बेअरिंग जातं.

ताणून चढणारा बूट वाईट नाही. जॉइंट शाफ्टवरून काढावा लागत नाही, म्हणून न निघणाऱ्या जॉइंटला तो सोयीचा. पण शाफ्ट हबमधून काढावाच लागतो, म्हणजे निम्मं काम तसंच. शंकू वेगळा विकत घ्यावा लागतो, बूट उलटा करून त्यावरून ओढायला दोन माणसं लागतात, आणि टोकाच्या पायऱ्यांपैकी आपल्या मापाची नेमकी कापावी लागते. एक पायरी जास्त कापली की बूट वाया. ताणायचं म्हणून रबर पातळ. कोकणातल्या लाल मातीच्या, खडीच्या रस्त्यावर ते सलग बुटाइतकं टिकत नाही.

चिकटवायच्या बुटाला हब नटही सोडावा लागत नाही, हीच त्याची भुरळ. त्याची शिवण कोरडी आणि तेलमुक्त लागते, आणि काम तर ग्रीसने माखलेल्या जागी. बोटाचा एक ठसा उमटला तरी डिंक तिथे सुटतो. शिवाय जुनं, माती खाल्लेलं ग्रीस आत तसंच राहतं. घाटात अडकून घरापर्यंत पोचायचं असेल तेवढ्यापुरता ठेवा.

कोणताही बूट बसवलात तरी शे-दोनशे किलोमीटरनंतर स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्चने घड्या बघा. सरळ चाकात चिरा मिटलेल्या असतात, दिसत नाहीत. रिमच्या आतल्या कडेवर काळ्या ग्रीसची कमान उमटली असेल तर मोठी क्लिप सैल आहे.