एबीसी डिस्नेकडे, फॉक्स स्वतःच्या पायावर

डिस्नेने १९९६ मध्ये एबीसी हे अमेरिकी टीव्ही नेटवर्क घेतलं. २०२३ मध्ये मात्र डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीच हे नेटवर्क कंपनीच्या गाभ्याचं नसेलही, असं सूचित केलं. विक्री टळली, टांगती तलवार राहिली. मालक बलाढ्य आहे खरा, पण एबीसीची मालिका दुसऱ्या दिवशी डिस्नेच्याच हुलू या स्ट्रीमिंग सेवेवर येते. म्हणजे टीव्हीसमोर बसायचं कारण मालकच कमी करतो. हे मला फार खटकतं.

फॉक्स या दुसऱ्या अमेरिकी टीव्ही कंपनीने २०१९ मध्ये चित्रपट स्टुडिओ आणि मनोरंजन वाहिन्या डिस्नेला विकल्या. नेटवर्क, बातम्या, खेळ ठेवले. सामना लोक त्याच वेळी बघतात, म्हणून जाहिरातदार टिकून आहेत. मला हीच रचना जास्त प्रामाणिक वाटते, कारण इथे टीव्ही हाच मुख्य धंदा आहे. फक्त एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचे प्रक्षेपण हक्क आणखी महागले, तर तोटा भरून काढायला फॉक्सकडे डिस्नेसारखी थीम पार्क नाहीत.