टोकियोतील जुन्या कपड्यांची दुकाने आणि आसपासची साधी उपाहारगृहे : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑगस्टपासून मी टोकियोतील शिमोकिताझावा आणि कोएंजी या दोन भागांत जुन्या कपड्यांची दुकाने पालथी घालत आहे. या अकरा महिन्यांत चौदा कपडे घेतले. त्यांपैकी नऊ आजही नियमित अंगावर असतात, दोन कपाटात पडून आहेत आणि तीन परत विकायला न्यावे लागले. या दुकानांची रंगीत वर्णने पुष्कळ वाचायला मिळतात, पण पंधरा-वीस धुण्यांनंतर त्या कपड्यांचे काय होते हे क्वचितच कोणी सांगते, म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहीत आहे.

मी निशी-कासाईला राहते. एदोगावा वॉर्डातील हा भाग भारतीयांच्या वस्तीसाठी ओळखला जातो आणि भाजी घेताना मागून मराठी ऐकू येणे येथे नवलाचे नाही. येथून मेट्रोच्या तोझाई मार्गावरची मिताकापर्यंत जाणारी गाडी मिळाली, तर ती नाकानोनंतर जेआर या रेल्वे कंपनीच्या रुळांवरून पुढे जाते आणि गाडी न बदलता कोएंजीला उतरता येते. शिंजुकूहून येणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी : चुओ मार्गावरची जलद गाडी शनिवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी कोएंजीला थांबत नाही, त्या दिवशी पिवळ्या पट्ट्याची धीमी गाडीच पकडावी लागते. पहिल्याच रविवारी मी जलद गाडीत बसले आणि कोएंजीचा फलाट खिडकीतून मागे जाताना पाहिला.

शिमोकिताझावाला जाणे त्याहून सोपे आहे, कारण शिंजुकूहून ओदाक्यू आणि शिबुयाहून इनोकाशिरा असे दोन मार्ग तेथे एकमेकांना छेदतात. ओदाक्यूचे रूळ 2013 मध्ये जमिनीखाली गेले आणि वर मोकळ्या झालेल्या पट्ट्यात छोटी दुकाने, बाके आणि झाडे आली, त्यामुळे हातातल्या पिशव्या ठेवून दहा मिनिटे बसायला जागा मिळते. जुन्या कपड्यांना जपानीत ‘फुरुगी’ म्हणतात, आणि येथे त्यांची दुकाने इतकी दाट आहेत की एका दिवसात सगळी पाहण्याचा हट्ट धरणाऱ्याला तिसऱ्या दुकानानंतर काहीच दिसेनासे होते. तोयो हयाक्कातेन या नावात ‘डिपार्टमेंट स्टोअर’ असले, तरी प्रत्यक्षात तो रंगवलेल्या भिंतींचा एक बोळ आहे आणि आत एकमेकांना खेटून छोटे गाळे आहेत. न्यूयॉर्क जो हे दुकान जुन्या सार्वजनिक स्नानगृहाच्या जागेत सुरू झाले. ‘न्यूयोकुजो’ म्हणजे स्नानाची जागा, हे कळल्यावर त्या नावातला विनोद उलगडतो. कोएंजीचा स्वभाव वेगळा आहे. तेथे दुकाने लहान, मालक स्वतः गल्ल्यावर, आणि एकेका दुकानाची आवड ठरलेली असते : कोणाकडे फक्त युरोपातील कामगारांचे कपडे, तर कोणाकडे फक्त जुन्या पोलक्यांसारखे छापील ब्लाउज. किमतीत फार फरक नाही, मात्र कोएंजीत कपड्याबद्दल विचारले तर उत्तर मिळते.

दुसऱ्याच्या अंगावरचे कपडे घालणे हा विषय मराठी घरात अवघड आहे. आमच्याकडे जुने कपडे बोहारणीकडे जात आणि त्यांच्या बदल्यात पातेली येत. ते कपडे पुढे कोणी तरी घालणार हे सर्वांना ठाऊक होते, पण आपण तो ‘कोणी तरी’ असू असे कोणाला वाटत नव्हते. आईला अजूनही मी पूर्ण माहिती दिलेली नाही.

येथील दुकानांची सर्वांत उपयोगी सवय म्हणजे पुष्कळ ठिकाणी चिठ्ठीवर कपड्याची प्रत्यक्ष मापे लिहिलेली असतात : खांद्याची रुंदी, छातीची रुंदी आणि उंची, सेंटिमीटरमध्ये. अमेरिकन मीडियम, जपानी मीडियम आणि चाळीस वर्षांपूर्वीचा मीडियम हे तीन वेगळे प्राणी असल्यामुळे लेबलावरच्या अक्षराला काही अर्थ उरत नाही. घरातला नीट बसणारा एक शर्ट पसरून मोजावा आणि ते तीन आकडे फोनमध्ये ठेवावेत. कपडा घालून पाहण्याच्या खोलीत बूट काढून जायचे असते आणि डोक्यावरून घालायच्या कपड्याला मेकअपचा रंग लागू नये म्हणून चेहऱ्यावर घ्यायची पातळ पिशवीही अनेकदा देतात. पहिल्यांदा ती हातात आली तेव्हा मी ती सामानाची पिशवी समजून परत केली होती.

आता मूळ प्रश्न, म्हणजे टिकले काय. सर्वांत चांगला निघाला तो फ्रेंच कामगारांचा निळा सुती कोट, पाच हजार आठशे येनांचा. त्याचे कापड जाड आणि दाट विणीचे आहे, खिसे वरून शिवलेले आहेत आणि कोपरांवर आधीच्या मालकाने केलेले रफू माझ्या आठ महिन्यांच्या वापरानंतरही जसेच्या तसे आहे. दोन्ही जीन्स उत्तम चालल्या. लीव्हायसच्या लाल पट्टीवर मोठ्या लिपीतला ‘ई’ असेल, तर ती 1971 पर्यंतची धरतात आणि तिची किंमत माझ्या आवाक्याबाहेर असते, पण आतल्या बाजूला धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी असलेली, म्हणजे त्यानंतरची जीन्स पाचेक हजारांत मिळते आणि घालायला तीच बरी. लोकरीचा स्वेटर टिकला, मात्र घेताना तो उजेडासमोर धरून कसरीची छिद्रे पाहिली होती. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली ती दिसत नाहीत, दाराशी जाऊनच पाहावे.

फसले ते सगळे एकाच जातीचे. एका दुकानात तीन हजार येनांना घेतलेले नायलॉनचे जाकीट ऑक्टोबरात देखणे होते. मार्चमध्ये त्याच्या आतल्या बाजूचा थर चिकट झाला आणि जूनच्या पावसाळ्यात तो पापुद्र्यांनी सुटून माझ्या शर्टावर पांढरा भुगा पडू लागला. पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत पाण्याशी संयोग होऊन विघटित होतो. कपडा अंगावर घातला नाही तरी ही क्रिया चालूच राहते, त्यामुळे ‘फारसे वापरलेले नाही’ हे आश्वासन अशा कपड्याबाबत निरर्थक ठरते. एका घागऱ्याचे इलॅस्टिक तिसऱ्या धुण्यात कुरकुरत तुटले आणि एका कोटाचे चिकटवलेले अस्तर फुग्यांसारखे सुटले. उलट ज्या कपड्यांत फक्त सूत, लोकर, धागा, धातूची बटणे आणि धातूची चेन होती, त्यांपैकी एकही दगावला नाही. म्हणून मी आता घेण्यापूर्वी कपडा उलटा करते, आतल्या थरावर तळवा दाबते आणि तो जरासाही ओढल्यासारखा वाटला तर किंमत न विचारता परत टांगते. उसवलेली शिवण, तुटलेले बटण, विरलेली कॉलर यांना मी दोष मानत नाही, कारण त्यांना सुई पुरते.

वासाबद्दल लिहायलाच हवे. साठवणीचा तो कोंदट, किंचित गोडसर वास पहिल्या धुण्यात जात नाही. सुती कपड्यांसाठी सोडियम परकार्बोनेट, म्हणजे येथे कुठल्याही दुकानात मिळणारी ऑक्सिजनवाली पांढरी पूड, चाळीस-पन्नास अंशांच्या पाण्यात घालून कपडा तासभर भिजवला की पाणी चहासारखे होते आणि वास जवळजवळ संपतो. लोकर आणि रेशीम यांना ही पूड चालत नाही. ते कपडे मी चार-पाच दिवस सावलीत वाऱ्यावर टांगते.

खाण्याचा संबंध या खरेदीशी थेट आहे, कारण बहुतेक दुकाने अकरा-बाराच्या आधी उघडत नाहीत आणि उपाशीपोटी घेतलेले निर्णय वाईट असतात. माझ्या फसलेल्या तीन वस्तूंपैकी दोन मी दुपारी तीननंतर, न जेवता घेतल्या होत्या. शिमोकिताझावा करीसाठी प्रसिद्ध आहे. साप्पोरोत 1993 मध्ये सुरू झालेल्या मॅजिक स्पाइसची शाखा तेथे आहे आणि तिचे सूप करी म्हणजे भोपळा, वांगे, गाजर आणि कोंबडीचे मोठे तुकडे घातलेला पातळ, मसालेदार रस्सा, सोबत वेगळा भात. तिखटाच्या पायऱ्यांना ‘ध्यान’, ‘निर्वाण’ अशा अर्थाची नावे आहेत. कोल्हापूरकरांनी निर्वाणाला भिण्याचे कारण नाही. कोएंजीत मी उभ्याने खायच्या सोबाच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवयांच्या, टपरीवजा दुकानात जाते : दारातल्या यंत्रातून तिकीट काढायचे, ते पुढे ठेवायचे आणि वाटी दोन-तीन मिनिटांत समोर येते, खर्च पाचशे येनांच्या आसपास. शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहावे, कारण भज्यांचा सोबा वरून शाकाहारी दिसला तरी त्याचा रस्सा सुकवलेल्या बोनितो माशाच्या दाशीवर, म्हणजे अर्कावर, उभा असतो. त्यांच्यासाठी जुनी कॉफीघरे, म्हणजे ‘किस्सातेन’, सुरक्षित आहेत : जाड पावाचा लोणी लावलेला तुकडा, उकडलेले अंडे चालत असेल तर ते, आणि एका कपावर तासभर बसण्याची मुभा. घेतलेले कपडे बाहेर काढून पुन्हा तपासायला यापेक्षा चांगले टेबल मिळत नाही.

परतताना शिंजुकूत उतरावे लागले तर नाकामुराया हे जुने दुकान आणि उपाहारगृह आहे. ब्रिटिशांपासून लपत 1915 मध्ये जपानला आलेल्या क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना याच दुकानाच्या मालकांनी आसरा दिला, पुढे त्या घरची मुलगी तोशिको त्यांची पत्नी झाली, आणि 1927 मध्ये येथे भारतीय पद्धतीची करी मिळू लागली. ती माझ्या जिभेला सौम्य वाटते आणि इतर ठिकाणांपेक्षा महागही आहे, तरी वर्षातून एकदा जावे.

गेल्या शनिवारी मी जाकीट, घागरा आणि अस्तर सुटलेला कोट असे तिन्ही कपडे जुने कपडे विकत घेणाऱ्या एका दुकानात नेले. जुन्या वस्तूंच्या व्यापाराला येथे पोलिसांच्या अखत्यारीतला परवाना लागतो, त्यामुळे विकणाऱ्याची ओळख तपासतात. माझेही निवासपत्र पाहिले आणि पंधरा मिनिटे थांबायला सांगितले. कोटाचे तीनशे येन आले. घाग्र्याचे दोनशे, आणि तेही इलॅस्टिक मी नवे घातले होते म्हणून. जाकीट दुकानातल्या मुलीने उलटे केले, आतल्या थरावर तळवा दाबला आणि अत्यंत आदबीने मला परत दिले.