सायमनचं ‘नेक्रोनॉमिकॉन’: पोथी देखणी, भीती गायब

काळं मुखपृष्ठ, त्यावर रेघांनी गुंफलेली मुद्रा आणि वर एकच भारदस्त शब्द. एव्हॉन प्रकाशनाचं हे पॉकेटबुक 1980 पासून बाजारात आहे. अमेरिकी भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टच्या कथांतला शापित ग्रंथ हाच, अशा समजुतीने लोक ते अजूनही घेतात. ती समजूत आधी काढून टाकावी.

‘नेक्रोनॉमिकॉन’ हे नाव लव्हक्राफ्टने 1922 साली लिहिलेल्या ‘द हाउंड’ या कथेत पहिल्यांदा येतं. 1927 मध्ये त्याने या ग्रंथाची बनावट कुळकथाच लिहून ठेवली: अब्दुल अलहझ्रेद या वेड्या अरबाने आठव्या शतकात दमास्कसमध्ये तो लिहिला, 950 साली ग्रीक भाषांतर झालं, 1228 मध्ये ओलाउस वोर्मिअसने लॅटिन केलं आणि 1232 मध्ये पोप नववा ग्रेगरी याने बंदी घातली. वोर्मिअस हा खरा डॅनिश विद्वान, पण त्याचा जन्म 1588 चा! हा ग्रंथ आपणच रचला, हे लव्हक्राफ्टने पत्रांतून विचारणाऱ्यांना सरळ सांगितलंय.

सायमन (हे टोपणनाव) म्हणतो की आपण एका ग्रीक हस्तलिखिताचा अनुवाद केला. ते हस्तलिखित मात्र अभ्यासकांपुढे कधी आलं नाही. 1977 च्या पहिल्या आवृत्तीच्या चामडी बांधणीच्या 666 प्रती काढल्या होत्या. या आकड्यावरूनच प्रकाशकाचा नूर कळावा.

आत काय आहे? लांबलचक प्रस्तावना, ‘वेड्या अरबाची साक्ष’, सात ग्रहदारांचे विधी, मकलूचे मंत्र, बॅबिलोनी देव मार्डुकची पन्नास नावं, शेवटी काळ्या शक्तींचा ‘उरिलिया’ हा भाग. सर्वांत दमदार भाग साक्षीचा. डोंगरातली रात्र, अधांतरी उचलली जाणारी कोरीव शिळा, मंत्र म्हणणारे काळ्या झग्यातले लोक. ही पानं भयकथा म्हणून उत्तम उतरली आहेत. पुस्तक इथवरच असतं तर बरं झालं असतं.

पुढे सुरू होतो निव्वळ कर्मकांडाचा तपशील. पहिलं दार चंद्राचं, म्हणजे चंद्रदेव नन्नाचं: अंक 30, धातू चांदी. त्याआधी किमान एक चांद्रमास शुद्धी, शेवटचे सात दिवस मांस वर्ज्य, शेवटचे तीन दिवस फक्त पाणी. मग बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू, शनी, आणि प्रत्येक पायरीला पुन्हा तीच शुद्धी. चंद्राचा 30, सूर्याचा 20 आणि शुक्राची देवी इश्तारचा 15 हे अंक खरोखर मेसोपोटेमियाचेच आहेत. पण ग्रहांचा हा क्रम त्यांचा नव्हे, तो ग्रीक ज्योतिषाचा. आपल्याकडे होरे मोजताना याच क्रमाने उलटं, शनीपासून चंद्राकडे जातात, त्यामुळे पंचांग चाळणाऱ्याला ही चोरी लगेच दिसेल. प्राचीन मेसोपोटेमियातल्या सुमेरच्या पुजाऱ्याला ती शिडी ओळखताही आली नसती.

मकलूचंही तेच. खरा मकलू म्हणजे करणी उलटवण्याचा रात्रभराचा विधी; त्यात चेटक्यांच्या मूर्ती करून जाळायच्या. सायमनने त्यातले मंत्र उचलून मोडतोड करून जोडले आहेत. मार्डुकची पन्नास नावं ‘एनुमा एलिश’ या बॅबिलोनी सृष्टिकाव्याच्या सहाव्या-सातव्या फलकावर आहेतच, प्रत्येक नावासमोरच्या मुद्रा मात्र विसाव्या शतकातल्या. दिसायला झकास, पुरावा म्हणून शून्य.

खरी गोची वेगळीच आहे. सायमनच्या जगात चांगले देव विरुद्ध वाईट शक्ती अशी सरळ फाळणी आहे, आणि योग्य मुद्रा काढली की संरक्षण मिळतं. लव्हक्राफ्टच्या विश्वात त्या शक्तींना माणसाशी देणंघेणंच नसतं. भीती तिथूनच येते. शिवाय त्याने ग्रंथ कधी पूर्ण दाखवला नाही. ‘द डनविच हॉरर’ या त्याच्या कथेत विल्बर व्हेटली या पात्राकडे जॉन डीने केलेल्या इंग्रजी भाषांतराची प्रत असते, पण तिच्या 751 व्या पानावर यायला हवा तो भाग नेमका नसतो, म्हणून तो लॅटिन प्रतीत शोधायला विल्बर मिस्कॅटोनिक या काल्पनिक विद्यापीठात येतो. या एका आकड्यात जितका दरारा आहे, तितका सायमनच्या सगळ्या मंत्रांत मिळून नाही. सायमनचं पुस्तक 751 च्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही, आणि त्या कथेत विद्यापीठाच्या लायब्ररीत उद्धृत होणारा योग-सोथोथ या अमानवी शक्तीबद्दलचा प्रसिद्ध उतारा त्यात नाहीच.

छपाईबद्दल: स्वस्त पॉकेटबुकचा कागद, लवकर पिवळा पडणारा. बांधणी डिंकाची आणि आतला समास अरुंद, त्यामुळे पान सपाट करायला जोर लावलात तर पाठ तडकते. टेबलावरच्या रोलप्लेइंग खेळासाठी ‘सापडलेलं पान’ हवं असेल तर मुद्रांची पानं स्कॅन न करता वरून मोबाइलने फोटो काढा आणि जाड, खरबरीत कागदावर छापा. गुळगुळीत कागदावर सगळी मजा जाते.

कोणी घ्यावं? सत्तरच्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या गूढविद्येच्या बाजाराचा नमुना म्हणून संग्राहकांनी जरूर. सुमेर समजून घ्यायचा असेल तर वगळा. मूळ भीती हवी असेल त्यांनी गोलान्झ प्रकाशनाने 2008 मध्ये काढलेला जाडजूड संग्रह घ्यावा. नाव तेच, पण आत लव्हक्राफ्टच्या कथा आहेत. ऑनलाइन मागवताना लेखकाचं नाव तपासा, कारण शोधात दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात आणि मुखपृष्ठावरचा मोठा शब्द एकच असतो.