कोरिलेशनचा ऑनलाइन कोर्स: शिकवलंय भारी, पण क्विझने डोकं फिरवलं

कोरिलेशन (दोन गोष्टी किती सोबत बदलतात) आणि डिपेन्डन्स (एक दुसरीवर अवलंबून आहे का) यांवरचा एक ऑनलाइन कोर्स परवाच संपवला. नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण तक्रार करायचीय. 5 पैकी 3 स्टार.

आधी चांगलं ते सांगतो. पहिल्याच व्हिडिओत फॉर्म्युला तोंडावर फेकत नाहीत, स्कॅटर प्लॉटवरचा एखादा ठिपका माऊसने ओढायचा आणि बाजूला आर (ठिपके सरळ रेषेच्या किती जवळ आहेत ते सांगणारा -1 ते 1 मधला कोरिलेशनचा आकडा) कसा उड्या मारतो ते बघायचं, मी अर्धा तास तेच करत बसलो. ॲन्सकोम या संख्याशास्त्रज्ञाचे 1973 चे चार डेटासेट पण तिथेच भेटतात. प्रत्येकात 11 ठिपके, चारही ठिकाणी आर साधारण 0.816, आणि चित्र काढलं की एक नेहमीसारखा, एक चक्क कमान, एकात एकच आगाऊ ठिपका बाकीच्यांची रेष सोडून वर गेलेला, आणि चौथ्यात 10 ठिपके एक्स 8 वर एकावर एक उभे, अकरावा एकटाच लांब 19 वर. तो एकटा उचलला की एक्स हलतच नाही, भागाकारात खाली शून्य, आर काढताच येत नाही! हे बघून खरंच मजा आली.

स्पिअरमन, म्हणजे आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांकांवरून काढायचं कोरिलेशन, मात्र पाच मिनिटांत गुंडाळलाय. रँक लावा, झालं.

आता क्विझ. प्रश्न असा, आर शून्य आला म्हणजे दोन व्हेरिएबल्सचा काही संबंध नाही, चूक की बरोबर? मी 'चूक' दाबलं, तर लाल फुली. अरे, एक्स घ्या -2, -1, 0, 1, 2 आणि वाय म्हणजे त्याचा वर्ग, 4, 1, 0, 1, 4. गुणाकार -8, -1, 0, 1, 8, बेरीज शून्य, एक्सची सरासरी पण शून्य, म्हणजे आर शून्यच. पण एक्स सांगितला की वाय डोळे मिटून सांगता येतो, आता याहून जास्त अवलंबून काय असायचं?

सपोर्टला हेच लिहून पाठवलं तर उत्तर आलं की आम्ही दोन्ही व्हेरिएबल्स नॉर्मल (घंटेच्या आकाराच्या वितरणाची) धरलीत. एक तर प्रश्नात तसं कुठे लिहिलेलं नाही, आणि आर शून्य म्हणजे संबंध नाही असं म्हणायला दोन्ही वेगवेगळी नॉर्मल असून भागत नाही ना, जोडीने नॉर्मल लागतात, म्हणजे दोघांचं एकत्र वितरणही नॉर्मल हवं. एक्स नॉर्मल घ्या, नाणं उडवा, छापा आला तर वाय म्हणजे एक्स, काटा आला तर उणे एक्स. वाय पण नॉर्मल, आर शून्य, आणि चिन्ह सोडलं तर आकडा तोच! हेही पाठवलं, त्यावर उत्तर नाही.

क्विझ अजून तशीच आहे आणि माझे मार्क 10 पैकी 9.