बेस गेला कुठे? दुरुस्ती, नवा स्पीकर की जोडीला सबवूफर

वायरलेस स्पीकरचा बेस कमी वाटायला लागला की पहिली नजर जाते वूफरवर, म्हणजे खालचे जाड सूर देणाऱ्या मोठ्या गोल भागावर. हलत नसेल तर तो गेला, जोरजोरात हलत असेल तर ठणठणीत, असं धरून लोक दुकानात पोचतात. पण वूफर किती हलतो यावरून बेस किती येतो हे कळत नाही. त्यासाठी आधी स्पीकरची पेटी कुठल्या प्रकारची आहे ते पाहावं लागतं. पैसे कशावर घालायचे हेही त्यावरच ठरतं.

बंद पेटीत, म्हणजे जिला कुठेही भोक नाही अशा पेटीत, हवा हलवायचं सगळं काम एकट्या कोनवर, म्हणजे वूफरच्या हलत्या पडद्यावर, पडतं. तेवढाच आवाज एक सप्तक खाली द्यायचा तर कोनला चौपट अंतर जावं लागतं. 80 हर्ट्झला (सेकंदाला 80 कंपनं) 1 मिलिमीटर पुरत असेल, तर 40 हर्ट्झला 4 लागतात. ॲपलने होमपॉड या स्पीकरमधला 4 इंची वूफर तब्बल 20 मिलिमीटर हलेल असा बनवलाय, तो याचसाठी. सोनॉस कंपनीचा फाइव्हसुद्धा बंद पेटीचाच. अशा स्पीकरमध्ये डोळ्यांना दिसणारी हालचाल ही नेहमीची बाब आहे. बेसच्या गाण्यात आवाज वाढवूनही कोन ढिम्म राहिला, तर मात्र संशय घ्यावा.

पोर्ट, म्हणजे हवेसाठी मुद्दाम ठेवलेलं भोक, असलेल्या पेटीत नेमकं उलटं होतं. पोर्ट ज्या कंपनसंख्येला ट्यून केलेलं असतं, त्या सुरावर कोन जवळपास थांबतो आणि आवाज पोर्टमधल्या हवेतून येतो. म्हणजे बेस भरपूर, वूफर मात्र स्थिर! इथे कोनकडे बघत बसण्यापेक्षा पोर्टच्या तोंडाशी तळहात धरावा. झुळूक जाणवली की ते काम करतंय. ट्यूनिंगच्या खाली गेलात की हवेचा आधार सुटतो. मग कोन फडफडतो आणि आवाज जवळपास काहीच नाही. ॲपमधल्या इक्वलायझरची सगळ्यात डावीकडची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरांची, पट्टी वर ढकलली की हेच होतं. ती खाली आणा, वूफर शांत होईल आणि बेस उलट स्वच्छ वाटेल. लाइन-इनला, म्हणजे वायरने बाहेरचं यंत्र जोडायच्या खाचेत, रेकॉर्ड प्लेअर जोडला असेल आणि तबकडी वाकलेली असेल, तरी कोन आवाज न करता संथपणे आतबाहेर होतो. त्यात स्पीकरचा काहीच दोष नसतो.

तिसरा प्रकार सध्या घरोघरी आहे: पॅसिव्ह रेडिएटर. जेबीएलच्या फ्लिप आणि चार्ज या स्पीकरच्या दोन्ही टोकांना ज्या थरथरणाऱ्या चकत्या दिसतात, ते वूफर नव्हेत. त्यांना कॉइल, म्हणजे कोन हलवणारं तारेचं वेटोळं, नाही; मॅग्नेट नाही. आतल्या वूफरने दाबलेली हवा त्यांना हलवते. त्यामुळे चकतीचा रबर फाटला किंवा कडेने सुटला की वूफर धडधाकट असूनही बेस एकदम गळतो, कारण दाब फटीतून निघून जातो. टॉर्च लावून कडा नीट तपासा. मुलांना ती चकती अंगठ्याने दाबायची फार हौस असते, ती सवय वेळीच मोडलेली बरी.

पैसे काढण्याआधी एक चाचणी जरूर करा. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप घ्या, आवाज एक तृतीयांशावर ठेवा आणि 100 हर्ट्झपासून 80, 60, 50 असं खाली या. प्रत्येक सूर काही क्षणच वाजवा, सलग शुद्ध सुराने कॉइल तापते. लहान स्पीकर 60च्या खाली क्षीण होणारच, तो बिघाड नाही. वाटेत एखाद्याच सुराला खरखर आली किंवा काहीतरी थरारलं, तर मात्र कडा सुटली आहे, स्क्रू ढिला आहे किंवा कॉइल घासते आहे.

याच सुरांवर खोलीतून चालत फिरा. 12 फूट लांबीच्या खोलीत 47 हर्ट्झच्या आसपासचा सूर मधोमध जवळजवळ नाहीसा होतो आणि भिंतीपाशी परत दणकतो. कित्येक ‘बिघडलेले’ स्पीकर सोफा दोन फूट मागे सरकवल्यावर बरे होतात. स्पीकर खोलीच्या मध्यावरच्या टीपॉयवरून उचलून भिंतीजवळ ठेवलात तरी बेस उघड वाढतो; पोर्ट मागे असेल तर मागे वीतभर जागा सोडा. आणखी दोन गोष्टी: आवाज पूर्ण चढवला की किंवा बॅटरी उतरली की बरेच स्पीकर वूफरच्या रक्षणासाठी स्वतःच बेस कापतात, आणि अगदी हळू आवाजात आपल्या कानालाच खालचे सूर कमी ऐकू येतात. ब्लूटूथला उगाच दोष देऊ नका. त्याच्या कॉम्प्रेशनमध्ये काही गेलंच तर बहुतेक वरच्या सुरांतलं जातं.

इतकं करूनही बेस नसेल, तर दुरुस्ती की नवा? माझं मत पेटी उघडते कशी यावर ठरतं. स्क्रूने बसवलेला वूफर असेल तर दुरुस्तीलाच जा. वायर सोडवून मल्टिमीटर लावा: 4 ओमचा वूफर 3 ते 4च्या दरम्यान आकडा दाखवतो, काहीच दाखवला नाही तर कॉइल तुटली आहे. कोन दोन्ही हातांच्या बोटांनी अलगद आत ढकला. घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी किंवा जळलेली. जुन्या पेटीत कडेचा फोम चुरा होऊन पडतो, तो बदलता येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठ, दोन्हीकडे सुटे भाग मिळतात. गोंदाने चिकटवलेला वॉटरप्रूफ स्पीकर मात्र वॉरंटीत असो वा नसो, उघडू नये. उघडताना सील जातं, आणि तेच हवाबंद नसेल तर पॅसिव्ह रेडिएटर चालणार कसा?

नवा घेताना दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक गाण्यावर जाऊ नका. तबल्याचं एकलवादन लावा आणि डग्ग्याकडे कान द्या. तळहाताच्या दाबाने सूर सरकत वर जातो, ती घसीट स्पष्ट ऐकू यायला हवी. पोर्ट ढिसाळ असेल तर सगळे बोल एकाच ‘घुम्म’मध्ये अडकतात. गाणं ऐकणाऱ्यांसाठी दुसरी कसोटी खर्जाची: काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज 69 हर्ट्झवर येतो, एवढं दिवाणखान्यातल्या स्पीकरला पेलायलाच हवं. ख्याल, भावगीतं, बातम्या असं ऐकणं असेल तर मी बंद पेटीकडे झुकेन. गच्चीवर, सहलीला न्यायचं असेल तर पॅसिव्ह रेडिएटर. सिनेमे मोठ्याने बघणाऱ्याला पोर्ट किंवा वेगळा सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर देणारा जोडीचा स्पीकर.

सबवूफर घेण्याआधी तो तुमच्या स्पीकरशी जोडला जातो का ते पाहा. सोनॉसचा सब सोनॉसच्याच यंत्रणेत चालतो, आणि साध्या ब्लूटूथ स्पीकरला बहुधा सबसाठी जागाच नसते. अशा वेळी त्याच मॉडेलचा दुसरा स्पीकर घेऊन जोडी करणं मला जास्त पटतं. बेस आणखी खोल जात नाही, पण तेवढ्याच आवाजाला प्रत्येक वूफरला निम्मं हलावं लागतं, म्हणून तो ताणलेला वाटत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना सबपेक्षा जोडीच सोयीची. 40 हर्ट्झ स्लॅबमधून खालच्या घरात सहज उतरतो.

सब घेतलाच, तर तो आधी तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेसचं गाणं लावा आणि भिंतीकडेने ओणवं होऊन फिरा. जिथे बेस सगळ्यात सारखा ऐकू येईल, तिथे सब न्या. मग सबच्या मागचा फेजचा (स्पीकरच्या कोनशी ताल जुळवायचा) स्विच 0 आणि 180 दोन्हीवर करून ऐका, आणि ज्या बाजूला 80 हर्ट्झचा सूर जास्त भरीव येईल तिथेच ठेवा.