देशी पिल्लासाठी तीन पट्ट्यांचा हार्नेस: चोरल आणि जानापावनंतर

देशी कुत्र्याला डोंगरात न्यायचं असेल तर दोन पट्ट्यांचा हार्नेस (गळपट्ट्याऐवजी अंगाभोवती बांधायचा साज) घेऊ नका. पुढचं कोणी वाचो न वाचो, एवढं पोचलं तरी पुरे, म्हणून आधीच लिहिते. देशी कुत्र्याची छाती खोल असते आणि कंबर एकदम बारीक. एक पट्टा गळ्याशी आणि दुसरा पुढच्या पायांमागे असा हार्नेस घातलेला असताना ते घाबरून मागे सरलं, तर मान खाली घालून, कोपरं आत ओढून क्षणात बाहेर येतं. आमची मोहरी तशीच आली.

गोष्ट ऑगस्टमधली. मोहरी पाच महिन्यांची होती. रेबीजसकट सगळी इंजेक्शनं झाली होती, डॉक्टरांनी बाहेर न्यायला हरकत नाही म्हटलं होतं, आणि आम्ही सगळे इंदूरजवळच्या चोरलला गेलो: मी, हे, अकरा वर्षांचा लेक आणि सासूबाई. हार्नेस ऑनलाइन मागवलेला, ६९९ रुपयांचा. नदीकाठी झुडपांमागून शेळ्यांचा कळप आला. मोहरीनं शेळ्या कधी पाहिल्याच नव्हत्या. ती मागे मागे सरकत गेली, आणि लेकाच्या हातात दोरी राहिली, दोरीच्या टोकाला रिकामा हार्नेस. पुढे खंडवा रोड, त्यावर ट्रक. आम्ही तिघं ओरडत धावलो, तशी ती जास्तच लांब पळाली. सासूबाई मात्र धावल्या नाहीत. रस्त्याच्या अलीकडे मातीत बसल्या आणि हळू आवाजात "ये गं बाई, ये" म्हणत राहिल्या. जिला त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडू दिला नव्हता, ती त्यांच्या पदरात शिरली. लेक त्या रात्री जेवला नाही. दोरी त्याच्या हातात होती ना.

विकणाऱ्यांना कळवलं, तर उत्तर आलं की माप चुकलं असेल. माप बरोबर होतं. त्या अंगाला ती बनावटच चालत नाही.

आता ज्याच्याबद्दल लिहायला बसले तो हार्नेस. इंदुरातल्या आमच्या लोकमान्य नगरपासून स्कूटरवर दहा मिनिटांवर प्राण्यांच्या सामानाचं एक लहानसं दुकान आहे, तिथून घेतला, १,८५० रुपयांना. दुकानदारानं आधी विचारलं, "कुत्रं कुठंय?" मोहरीला आणल्याशिवाय त्यांनी एकही वस्तू काढून दाखवली नाही. मग शिंप्याची टेप घेऊन खाली बसले आणि तीन मापं घेतली: मानेच्या मुळाशी, छातीच्या सर्वांत रुंद भागाला, आणि शेवटच्या बरगडीच्या मागे. हे तिसरं माप मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. तिसरा पट्टा तिथेच बसतो. कुत्रं मागे सरकलं की तो रुंद बरगड्यांवर अडतो, पुढे सरकतच नाही.

पुढून आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा आहे. पट्टी छातीच्या हाडावरून खाली जाते, खांदे मोकळे राहतात. खांद्यांवरून आडवी पट्टी जाणारे हार्नेस स्वस्त मिळतात, पण त्यात पुढचा पाय पूर्ण लांब पडत नाही. चढणीवर तर पाहूनच कळतं. कड्या दोन. पाठीवरची चढताना, छातीवरची गर्दीत, कारण तिथे दोरी लावली की ओढणारं पिल्लू आपोआप आपल्याकडे वळतं. पट्टा किती घट्ट असावा? अंग आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटं सपाट जायला हवीत. लेक रोज स्वतः बोटं घालून पाहतो, कोणाला घालू देत नाही.

पाठीवर एक हँडल आहे आणि जानापावला त्याचा खरा उपयोग कळला. कार्तिकी पौर्णिमेची जत्रा होऊन गेल्यावर गेलो, म्हणजे गर्दी नसते. साडेआठशे मीटरहून उंच डोंगर, चंबळ उगम पावते ती इथेच. गाडीरस्ता वरपर्यंत आहे, पण आम्ही पायवाटेनं चढलो. खडकाची उंच पायरी आली की एक हात हँडलला, दुसरा पोटाखाली, आणि मोहरी वर. नुसत्या हँडलला लटकवून उचलू नये. उतरताना तर उडी मारूच दिली नाही. आठ महिन्यांच्या पिल्लाच्या हाडांची वाढती टोकं अजून कोवळी असतात. ती तिथेच उभी राहून माझ्याकडे बघते, हात येईपर्यंत थांबते. हे तिला कोणी शिकवलं नाही. देवळात आळीपाळीनं गेलो, एक जण तिला घेऊन बाहेर.

मुक्कामाला चोरलच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या शेतात तंबू लावला. त्यानं पहिलीच गोष्ट सांगितली: कुत्रं बाहेर बांधू नका, बिबट्या येतो. मोहरी तंबूत, तंबूची चेन बंद, ती लेकाच्या पायाशी. हार्नेस रात्री काढला. चोवीस तास घातला तर केसांखाली ओल राहते आणि कातडी सोलते. गारठा चांगलाच होता. सासूबाईंनी त्यांच्या जुन्या नऊवारीची गोधडी दिली होती, तिच्यात शिरून ती सकाळपर्यंत हलली नाही.

उजाडल्यावर हार्नेस उलटा करून पाहिला. आतल्या जाळीत कुसळं खचाखच भरलेली, चिमट्यानं एकेक काढायला अर्धा तास गेला. जाळी इतकी मोठ्या भोकांची करायला नको होती, ही माझी पहिली तक्रार. मग पट्ट्याखालचं अंग चाचपलं. काखेत एक गोचीड, मसुराएवढी. कातडीला अगदी लागून चिमट्यात धरली आणि सरळ वर ओढली. रॉकेल, तेल काही लावायचं नाही. कुत्र्यांचा गोचीडताप या किड्यांमुळेच होतो, म्हणून हार्नेस काढला की रोज हात फिरवायचा, हे आमच्या घरात आता दिवा लावण्यासारखं झालंय. पंजात दोन सराटेही निघाले. तेवढ्यात लेक द्रोणातले पोहे तिच्यापुढे धरत होता, कांद्यासकट. अडवलं. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या इंदुरी पोह्यांवर तो मूठभर असतो. तिच्यासाठी भात आणि अंडं नेलं होतं.

दुसरी तक्रार बकलाची. माळव्याची काळी माती ओली झाली की त्याच्या खाचेत बसते आणि वाळली की दगड होते. दात घासायचा जुना ब्रश सोबत ठेवा. तिसरी, पोटाच्या पट्ट्याची कड कडक आहे. पहिल्या आठवड्यात तिथे लाल रेघ उठली होती. मी परत करायला निघाले, तर सासूबाईंनी तो माझ्या हातातून घेतला आणि लुगड्याचा मऊ तुकडा दुहेरी करून कडेला शिवला. वळण इतकं बारीक की कुठे जोडलंय ते बोटाला लागत नाही. रेघ पुन्हा उठली नाही. कंपनीनं हे आधीच करून द्यायला हवं.

कुत्र्याची शी उचलायच्या पिशव्यांची गुंडाळी अडकवायला बाजूला एक पट्टी आहे, आणि जंगलातही ती पिशवी परत आणायचीच. इंदूरच्या माणसाला हे सांगायला लागू नये. आणि रालामंडलला कोणी विचारत असेल तर, ते अभयारण्य आहे, कुत्रं तिथे नेऊ नका, हार्नेस कितीही चांगला असला तरी.

मोहरीची छाती ऑगस्टमध्ये ५२ सेंटिमीटर होती, आता ६० आहे. आमचा मधल्या मापाचा हार्नेस ६६ पर्यंत सैल होतो. वाढत्या पिल्लाला दर पंधरा दिवसांनी तिन्ही पट्टे पुन्हा बसवून पाहावे लागतात. पाचपैकी चार तारे, आणि दुकानदाराला पाचच्या पाच. जाताना कुत्र्याला सोबत न्या, नाहीतर ते तुम्हाला परत पाठवतील.